मामंजींचा मॉडर्न बंगला

माझ्या सासऱ्यांनी उस्मानाबादेत बांधलेला बंगला बघायला एके काळी सोलापूरहून माणसं येत. येत, माना वर करून ‘वा, वा’ म्हणत, आणि घरी जाऊन तसाच बांधायला घेत. पण त्यांच्यातल्या एकानंही आत राहणाऱ्या बाईला विचारलं नाही, की वैशाखातल्या दुपारी तुम्ही इथं झोपता तरी कुठं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजी निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकून होते. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तशी त्यांनी नोकरी सोडली आणि रस्त्यांची, मोऱ्यांची कामं घ्यायला लागले. आमच्याकडं अशा माणसाला गुत्तेदार म्हणतात. नवं राज्य आलं होतं, जिकडं तिकडं खडी पडत होती. नळदुर्गावरून जाणाऱ्या हैदराबाद रस्त्याचं मोठं काम त्यांना मिळालं आणि बघता बघता ते श्रीमंत झाले. माझे वडील तुळजापूरला शाळामास्तर. मुलगी मोठ्या घरी पडली म्हणून त्यांना धन्य वाटलं. पण मी आले तेव्हा हे मोठं घर गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतं. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर हातभर जाड मातीचं माळवद. उजेड कमी होता खरा, पण चैत्रात भर दुपारी तिथं चटई टाकून पडलं की डोळा लागायचा. मामंजींना त्या घराची लाज वाटे. कलेक्टर कचेरीतला कुणी आला तर त्याला ते दारातच गाठून बोलत आणि तिथूनच वाटेला लावत.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगंमागं त्यांनी गावाबाहेर माळाला लागून जागा घेतली आणि पुण्याहून आर्किटेक्ट आणला. ह्या गृहस्थांना मी जन्मात दोनदा पाहिलं आणि ते पुरे झालं. ते पौषात आले. अंगावर कोट, काखेत परदेशी मासिकांची चळत. सकाळच्या कोवळ्या उन्हात जागेवर उभे राहून त्यांनी पश्चिमेकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, “इकडची सगळी भिंत काचेची करू. खालपासून वरपर्यंत काच. काय व्ह्यू आहे!”

आत्याबाई माकणीच्या शेतकऱ्याची लेक. त्या चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कशाची काच, साहेब?”

“ह्या माळाकडची. घरात बसल्या बसल्या सगळा माळ दिसेल.”

आत्याबाईंनी पदर सावरला. “तिकडं सकाळची माणसं बसत्यात, साहेब.”

“मग उत्तमच की!” साहेब म्हणाले. “व्ह्यू कुठून चांगला दिसतो हे लोकांनासुद्धा कळतं.”

माणसं कशाला बसतात हे त्यांना सांगायचं धैर्य कुणाला झालं नाही. मामंजींना तर ते माहीत होतं. लहानपणापासून टमरेल घेऊन तेही माळावरच जात आले होते. पण पुण्याच्या साहेबाला दुरुस्त करायचं म्हणजे आपण खेडवळ ठरायचं. म्हणून त्यांनी मान डोलावली.

मग नक्शा आला. तो मामंजी जेवताना ताटाशेजारी उलगडून ठेवत. साहेबांचं म्हणणं, आजकाल मुंबई-पुण्यात बंगला जहाजासारखा करतात. म्हणून पुढच्या भिंतीला तीन गोल खिडक्या, वरच्या गच्चीला बोटीवर असतात तसे लोखंडी नळ्यांचे कठडे, कोपरे सगळे गोल केलेले. आमच्या जिल्ह्यात समुद्र बघितलेला माणूस शोधावा लागला असता. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी घागर घेऊन पळणाऱ्या गावात जहाज उभं राहणार होतं, आणि ह्याचं कुणालाच हसू येत नव्हतं.

आत काय काय होतं ते सांगते. दिवाणखाना आणि जेवणघर ह्यांच्यात भिंत नाही, कारण भिंत म्हणजे जुनाट विचार. स्वयंपाकघरालाही दार नाही, नुसती कमान. ओटा उभ्यानं स्वयंपाक करण्याचा. तो कुणाच्या उंचीनं धरला होता देव जाणे. आत्याबाई पाटावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा हात तव्यापर्यंत पोचला. झोपायच्या खोलीलाच लागून संडास, त्यात साखळी ओढायची टाकी. पण गावात नळ कुठं होता? घरचा गडी आडावरून घागरी आणून, जिना चढून, गच्चीवरची टाकी भरायचा. ते पाणी मग साखळी ओढून आम्ही खाली सोडायचं. आत्याबाईंनी तिकडं पाऊलही टाकलं नाही. “देवघराच्या भिंतीला भीत लावून ही घाण कुणी आणली?” एवढंच त्या बोलल्या. मामंजी म्हणाले, “तुला काय कळतंय? ह्याला अटॅच्ड म्हणत्यात.”

बांधकाम चालू असताना, तेव्हा सरकारी परमिटवरच मिळणारं सिमेंट संपलं. घराचा स्लॅब झाला होता, पण मागच्या बाजूचा मोटारखाना राहिला होता. तो रस्त्यावरून दिसत नव्हता. त्या जागेवर पूर्वी एक पडकं घर होतं, त्याचे दगड आणि तुळया पडून होत्या. मामंजींनी गावातल्या गवंड्याला सांगितलं, “मागं आहे, कोण बघतंय? जुन्याच मालात उरकून टाक.” त्यानं काळ्या दगडाच्या जाड भिंती घातल्या, तुळया टाकल्या, वर माती ओढून चोपली आणि मोकळा झाला. मोटार मात्र त्यात कधी गेली नाही. कामावरची जीप होती, पण मागं ठेवली तर लोकांना ती दिसणार कशी? ती कायम पुढं पोर्चमध्ये उभी असे.

वास्तुशांतीला अर्धं गाव लोटलं. लाल-पांढऱ्या चिप्सच्या फरशीवरून बायका पाय घसरेल म्हणून भिंत धरून चालत होत्या. वकिलांच्या बायकोनं शोकेसमधली चिनी बाहुली हातात घेऊन बघितली आणि मामंजींनी ती पुसून परत ठेवली. साहेबही आले होते. त्यांनी सगळ्यांना काचेची भिंत दाखवली, पण संध्याकाळ झालेली होती आणि माळ मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी नव्या सोफ्यावर चहा घेऊन बसले. आत बिजलीचा दिवा जळत होता. बाहेर फटफटलं तसा माळ दिसायला लागला, आणि माळावर ओळीनं बसलेली माणसं. त्यांनाही दिव्याच्या उजेडात मामंजी दिसले. काही जण संकोचून दगडाआड सरकले. एका म्हाताऱ्यानं मात्र बसल्या जागेवरून त्यांना रामराम घातला. मामंजींनी कप खाली ठेवला. त्याच आठवड्यात सोलापूरहून जाड हिरवे पडदे आले. त्या दिवसापासून मी त्या घरात होते तोवर ते पडदे कुणी उघडले नाहीत. पण लोकांना दाखवताना मामंजी पडद्यावर हात ठेवून म्हणत, “ह्याच्यामागं सगळी काच आहे.”

पहिला उन्हाळा आला तेव्हा माझी थोरली मुलगी चार-पाच महिन्यांची होती. ऊन काय करतं ते मी भाड्याच्या घरात कधी ओळखलंच नव्हतं. दुपार कलली की पश्चिमेची काच पडद्यासकट तापायची. वरच्या खोलीत पलंगावर हात ठेवला तर चटका बसे. स्लॅब रात्रीपर्यंत आग ओकायचा. विजेचा पंखा होता, तो चालला तर तीच आग अंगावर फिरवायचा, आणि बहुतेक वेळ चालायचाच नाही. पोरीच्या अंगभर घामोळं उठलं. ती दिवसभर रडायची. पाळणा टांगावा म्हटलं तर सबंध घरात एक तुळई नाही, छताला एक कडी नाही. साहेबांच्या मासिकांत लेकरं नसावीत.

आमचे हे वडिलांच्या हाताखाली कामं बघत. त्यांना मी सांगितलं तर म्हणाले, “सवय होईल.” वडिलांसमोर ते ह्याहून लांब वाक्य बोलत नसत.

एके दिवशी दुपारी पोर रडून रडून निळी पडायला लागली. आत्याबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातून तिला घेतलं, मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि मोटारखान्यात शिरल्या. मी मागोमाग गेले. आत अंधार होता आणि गारवा होता. आत्याबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी तुळईला बांधली, पोरीला आत घातलं, दोनच झोके दिले. पोर झोपली. मी तिथंच भिंतीला पाठ लावून बसले आणि मलाही झोप लागली. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मोटारखाना शेणानं सारवला. मग चूल घातली. मग माठ आला, जातं आलं, देवही आले. जूनपर्यंत आमचं सगळं घर मोटारखान्यात राहायला लागलं होतं आणि पुढचा बंगला शोकेससारखा बंद होता.

मामंजींचा संताप संताप झाला. आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि ते दारात उभे होते, आत पाय न टाकता.

“लोक काय म्हणतील? गुत्तेदाराची बायको मोटारखान्यात राहते?”

“मोटार हाय का ह्यात?”

“तो प्रश्न न्हाय.”

“मोटार न्हाय ना? मग माणसं ऱ्हातील.” आणि त्यांनी भाकरी उलटली.

मामंजी एकटे बंगल्यात झोपत राहिले. जेवणाचं ताट मात्र मागून पुढं न्यावं लागे, आणि पाहुणा असला तर तो कमानीतून बघेल म्हणून मी ओट्यावर उगाच एक पातेलं ठेवून उभी राहत असे.

एवढं सगळं होऊन गावानं काय शिकावं? काही नाही. त्या दोन वर्षांत कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींनी बंगला काढला, एका वकिलांनी काढला, डॉक्टरांनी पाया घेतला. सगळ्यांना गोल खिडक्या, सगळ्यांना जहाजाचे कठडे. वकिलांच्या जागेत पश्चिमेला दुसऱ्याची भिंत होती, तरी त्यांनी पश्चिमेला काच लावली, कारण गुत्तेदारांची पश्चिमेला होती. आता त्या काचेतून शेजाऱ्याच्या गोवऱ्या दिसत. ही माणसं कोर्टात एका शब्दावरून दिवसभर भांडत आणि स्वतःच्या घराबद्दल एक प्रश्न विचारत नसत. शिकलेल्या माणसाला मूर्ख व्हायला फार कष्ट पडत नाहीत, एवढं मात्र मी तेव्हा बघितलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामंजी नळदुर्गाकडच्या कामावरून भर उन्हात परत आले, वर जाऊन पडले आणि संध्याकाळपर्यंत तापानं बरळायला लागले. ऊन लागलं होतं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि घाम पुसत म्हणाले, “अहो, ही काय खोली आहे? ह्यांना ताबडतोब गार जागी हलवा.” त्याच महिन्यात डॉक्टरांच्या स्वतःच्या बंगल्याचा स्लॅब पडत होता, हाच नक्शा घेऊन.

जिना गोल होता, फॅशनचा. त्यातून बाज उतरेना. शेवटी चार गड्यांनी मामंजींना सतरंजीत घालून, एकेका पायरीला भिंतीवर आपटत खाली आणलं आणि मोटारखान्यात नेलं. आत्याबाईंनी तळपायांना कांदा चोळला, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिल्या. सकाळी ताप उतरला. मामंजींनी डोळे उघडले, वर तुळयांकडं बघितलं, झोळीतल्या धाकट्या नातीकडं बघितलं आणि पाणी मागितलं. माठातलं पाणी प्याले.

“हितं बरं वाटतंय,” ते म्हणाले.

त्या क्षणी मला वाटलं, संपलं. माणसाला कळलं.

मामंजी पाऊस पडेपर्यंत मोटारखान्यातच राहिले. आधी कुणी भेटायला आलं की लाजत. मग एकदा शेटजी आले आणि आत टेकल्यावर म्हणाले, “गुत्तेदार, लई थंडगार आहे हो!” त्यावर मामंजी म्हणाले, “हे आमचं आउटहाऊस.” शब्द कुठून आणला कुणास ठाऊक. पण तो गावात फिरला. डॉक्टरांनी लगेच नक्शात आउटहाऊस घातलं. वकिलांनीही. फक्त दोघांनीही ते स्लॅबचं केलं.

पुढच्या माघात आत्याबाई ज्वारीच्या काढणीला माकणीला गेल्या. तिथं त्यांच्या वाट्याचं शेत होतं आणि शेतात माळवदाचं दोन खणांचं घर. मी पोरींना घेऊन तुळजापूरला माहेरी गेले. जीपनं आम्ही दोघी एकदमच परतलो. मामंजी पोर्चमध्येच उभे होते, नवं धोतर नेसून, चेहऱ्यावर पोरासारखा आनंद.

“आधी मागं चल,” ते आत्याबाईंना म्हणाले. “तुझ्यासाठी केलंय.”

आम्ही मागं गेलो. मोटारखान्याचं माळवद उतरवलं होतं. वर कोरा करकरीत स्लॅब होता. पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडून मोठी काच बसवली होती. चुलीच्या जागी छोटा ओटा. खाली चिप्सची फरशी. दाराजवळच्या भिंतीत एक गोल खिडकी. आणि कोपऱ्यात नवं पॉलिश केलेलं शोकेस. मामंजी त्यावर थाप मारून म्हणाले, “अस्सल सागवान. त्याच तुळया कापून करून घेतलं. वाया काही घालवलं न्हाय.”

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी वर बघितलं. मग मामंजींकडं बघितलं. आत्याबाईंच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं.

“तुमी हितंच बरं झाला होता न्हवं?” त्यांनी विचारलं.

“झालो होतो की. म्हणून तर ही जागा चांगली केली. एवढी गुणाची जागा आणि अशी गावंढळ ठेवायची?”

आत्याबाई वळल्या. बंगल्यात गेल्या, तिथं परत नेऊन ठेवलेले देव पदरात घेतले, एक ट्रंक भरली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “गाडी फिरव. माकणीला चल.” मामंजींना वाटलं काही विसरलं असेल, आणायला निघाल्या. ते हसत म्हणाले, “उद्या आणता येईल की.” जीप फाटकाबाहेर गेली तेव्हा त्यांचं हसू अजून तोंडावर तसंच होतं.

त्या परत राहायला आल्या नाहीत. सणावाराला, बाळंतपणाला यायच्या, काम उरकलं की जायच्या. भावकीतली माणसं समजूत घालायला गेली. घरासाठी कुणी नवरा सोडतं का, म्हणाली. त्या म्हणाल्या, “म्या नवरा सोडला न्हाय. त्येला भूक लागली तर हितं जेवायला यील. फकस्त त्या भट्टीत म्या मरणार न्हाय.” आमच्या ह्यांनी ‘सवय होईल’ म्हटलं नाही, एवढी त्यांच्यात प्रगती झाली होती. मी दर उन्हाळ्यात लेकरं घेऊन माकणीला जात असे आणि मला कुणी अडवलं नाही.

मामंजी रविवारी जीप घेऊन येत. मी गेले त्या पहिल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी ते दारातल्या दगडावरच बसले. आत्याबाईंनी पाणी दिलं, पिठलं-भाकरी केली, त्यांच्यापुढं ताट ठेवलं. नवऱ्याबायकोनं पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या. बंगल्याचं नाव कुणी काढलं नाही. मी पोरींना भरवत आत बसले होते. घर दोनच खणांचं, पण बाहेर ऊन पेटलेलं असून आत गारवा होता. मामंजींनी दुसरी भाकरी मोडली, हळूहळू भिंतींवरून नजर फिरवली. बोटानं पश्चिमेची भिंत दाखवत म्हणाले,

“हितं एक मोठी खिडकी पाडली ना, तर नदीपर्यंत दिसंल बघ.”

“जेवा,” आत्याबाई म्हणाल्या.

ते जेवले. हात धुतले. मी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेले. बसताना त्यांनी माझ्याकडं वळून गुपित सांगावं तसं हळूच म्हटलं, “तुझ्या आत्याबाई चांगल्या आहेत गं. पण त्यांना टेस्ट न्हाय.” त्यांच्या सदऱ्याची पाठ सीटला चिकटली होती. मी घरात आले, उंबऱ्याजवळच्या सावलीत बसले आणि आत्याबाईंनी माझ्यासाठी ठेवलेलं ताट पुढं ओढलं.